माईकपुढे कोण बसले? पॅसिफिका रेडिओच्या जपलेल्या फितींची गोष्ट

माणसामाणसांतील प्रेमाचा, वासनेचा आणि दुराव्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण साधनांची असते. राजांची दफ्तरे उरतात, जमाखर्चाच्या वह्या उरतात, इनामांच्या सनदा उरतात. पत्रे मात्र जाळली जातात, रोजनिशीची पाने फाडली जातात, आणि तोंडी बोललेले तर बोलणाऱ्याबरोबरच संपते. जे मागे राहते ते बहुधा पोलीस, वैद्य किंवा न्यायाधीश यांच्या हातचे असते. ज्याच्याविषयी लिहिले त्याचा स्वतःचा आवाज त्यात नसतो.

या नियमाला एक अपवाद अमेरिकेत घडला. पॅसिफिका या संस्थेच्या नभोवाणी केंद्रांनी १९४९ पासून कवींना, विद्वानांना आणि ज्यांना कोणी बोलू देत नव्हते अशा साध्या माणसांनाही माईकपुढे बसवले, आणि त्यांचे बोलणे फितींवर जपून ठेवले. त्या फिती आजही ऐकता येतात. त्या कशा जन्मल्या, त्यांच्यावरून कोणते वाद झाले आणि त्या टिकल्या कशा, हे आपल्यापुढे मांडायचे आहे. गोष्ट परक्या देशाची आहे; पण तिचे दोन-तीन धागे मराठीपर्यंत येतात, ते मी वाटेत दाखवीन.

पॅसिफिकाचे संस्थापक लुईस हिल हे युद्धविरोधी होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शस्त्र धरण्यास नकार दिला आणि तसे नकार देणाऱ्यांसाठी असलेल्या श्रमछावणीत काही काळ काढला. पुढे वॉशिंग्टनमधील एका केंद्रावर ते बातम्या वाचत असत. जाहिरातदाराच्या पैशावर चालणारा रेडिओ कोणालाही न दुखावणारे तेवढेच बोलतो, हे त्यांनी आतून पाहिले होते. १९४६ साली कॅलिफोर्नियात त्यांनी पॅसिफिका फाउंडेशन स्थापले आणि १५ एप्रिल १९४९ रोजी बर्कली येथे केपीएफए हे केंद्र सुरू झाले. जाहिराती नाहीत, सरकार नाही. श्रोत्यांनीच वर्षाला दहा डॉलर वर्गणी भरायची आणि केंद्र चालवायचे, अशी ती योजना होती. त्या काळी एफएम लहरी पकडणारे संच फार थोड्या घरांत होते, म्हणून संस्थेला वर्गणीदारांना संचसुद्धा मिळवून द्यावे लागले. १९५० च्या ऑगस्टमध्ये पैसे संपले आणि केंद्र बंद पडले. श्रोत्यांनी निधी जमवला आणि १९५१ च्या मे महिन्यात ते पुन्हा बोलू लागले. १९५९ मध्ये लॉस एंजलिसला केपीएफके हे दुसरे केंद्र निघाले. न्यूयॉर्कचे डब्ल्यूबीएआय हे केंद्र १९६० मध्ये त्याच्या मालकाने संस्थेला चक्क दान केले.

वर्गणीची ही गोष्ट आपल्यासारख्यांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्राबाहेर राहून ज्यांनी मराठी वाचनालये आणि व्याख्यानमाला चालवल्या, त्यांना वर्गणीदार म्हणजे काय हे ठाऊक आहे. वर्गणीदार रागावतो, पत्र पाठवतो, सभेत उठून बोलतो. पण जाहिरातदारासारखा एका फोनवर कार्यक्रम बंद पाडू शकत नाही. पुढे जे घडले त्याच्या मुळाशी ही व्यवस्था होती.

बर्कलीच्या केंद्राने पहिल्यापासून कवितेला मोठी जागा दिली. कवी केनेथ रेक्सरॉथ तेथून पुस्तकांवर बोलत. १९५३ पासून ॲलन वॉट्स पौर्वात्य तत्त्वज्ञानावर बोलू लागले. याच खाडीकाठी ७ ऑक्टोबर १९५५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स गॅलरीत ॲलन गिन्सबर्ग या तरुण कवीने आपल्या 'हाऊल' या दीर्घकवितेचा पहिला भाग वाचून दाखवला. दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये बर्कलीच्या सभागृहात त्याने ती पूर्ण वाचली आणि ते वाचन फितीवर उतरले. पुढे ती छापणारे कवी-प्रकाशक लॉरेन्स फेर्लिंगेट्टी यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी न्यायमूर्ती क्लेटन हॉर्न यांनी कविता अश्लील नाही असा निर्णय दिला.

येथे मराठी वाचकाला बा. सी. मर्ढेकर आठवल्यावाचून राहणार नाहीत. 'काही कविता' या संग्रहासाठी त्यांच्यावरही अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि ते निर्दोष सुटले. विशेष म्हणजे मर्ढेकर हे रेडिओचेच माणूस. त्यांची नोकरी ऑल इंडिया रेडिओत होती. ते वारले १९५६ च्या मार्चमध्ये, म्हणजे गिन्सबर्गने बर्कलीला ज्या महिन्यात ती कविता वाचली त्याच महिन्यात. योगायोगापलीकडे त्याला अर्थ नाही. दोन्ही खटल्यांत आरोप मात्र एकच होता: शरीराविषयी आणि शहराविषयी कवीने जे लिहिले ते सभ्य कानांसाठी नाही. गिन्सबर्ग स्वतः १९६२ च्या आरंभी बोटीने मुंबईत उतरला. भारतातल्या त्या वास्तव्यात अशोक शहाणे, अरुण कोलटकर यांच्याशी त्याची ओळख झाली, हेही या संदर्भात लक्षात ठेवावे.

कवितेकडून आता थेट विषयाकडे वळू. १९५८ साली केपीएफएच्या सार्वजनिक प्रश्नांच्या विभागाच्या प्रमुख एल्सा नाइट थॉम्पसन होत्या. महायुद्धाच्या काळात त्यांनी लंडनला बीबीसीत काम केले होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी समलिंगी माणूस आणि आपला समाज या विषयावर दोन तासांची, दोन भागांची चर्चा घडवून आणली. तेव्हाचे वातावरण लक्षात घ्या. कॅलिफोर्नियात असे संबंध म्हणजे कायद्याने गुन्हा होता आणि तो आणखी सतरा-अठरा वर्षे तसाच राहणार होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादीत तो आजार होता. ती नोंद निघाली डिसेंबर १९७३ मध्ये. सरकारी नोकरीतून अशा माणसांना शोधून शोधून काढले जात होते.

चर्चेच्या पहिल्या भागात तिघे होते. समलिंगी पुरुषांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या 'मॅटाशीन रिव्ह्यू'चे संपादक हॅल कॉल, मनोविकारतज्ज्ञ ब्लांश बेकर, आणि एक आई. या बाई विदुषी नव्हत्या, संघटनेच्या पुढारी म्हणूनही आल्या नव्हत्या. आपला मुलगा असा आहे आणि आपण त्याची आई आहोत, एवढाच त्यांचा अधिकार होता. दुसऱ्या भागात तज्ज्ञ बसले. त्यांत मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष कार्ल बोमन होते, मानसशास्त्रज्ञ फ्रँक बीच होते, समलिंगी गिऱ्हाइकांच्या एका मद्यगृहाचा खटला लढवलेले वकील मॉरिस लोवेन्थल होते. या चर्चेचे शब्दांकन पुढे पुस्तिकारूपाने छापले गेले.

ती पुस्तिका वाचणे आणि ती फीत ऐकणे यांत फरक आहे. छापील पानावर त्या आईची वाक्ये वकिलाच्या वाक्यांसारख्याच अक्षरांत, त्याच शाईत उमटतात. कानाने ऐकताना बोलणाऱ्याचे वय कळते, शब्द शोधताना घेतलेला श्वास कळतो, प्रश्न अवघड वाटला की सोपा हे कळते. इतिहासाच्या साधनांत आवाजाचे मोल आहे ते यासाठी.

चार वर्षांनी न्यूयॉर्कला पुढचे पाऊल पडले. १९६२ मध्ये डब्ल्यूबीएआयने याच विषयावर मनोविकारतज्ज्ञांची एक चर्चा दिली. ती रँडी विकर या चोवीस वर्षांच्या तरुणाने ऐकली आणि तो चिडून केंद्रावर गेला. आमच्याविषयी डॉक्टर काय म्हणतात हे पुष्कळ ऐकले, आता आमच्या आयुष्यातले जाणकार म्हणून आम्हालाच बसवा, अशी त्याची मागणी होती. केंद्राने ती मानली. त्याच जुलैमध्ये आठ समलिंगी पुरुषांची नव्वद मिनिटांची चर्चा 'लिव्ह अँड लेट लिव्ह' या नावाने प्रक्षेपित झाली. पोलिसांचा जाच, नोकरीतली धास्ती, एकमेकांशी जमणारी आणि तुटणारी नाती, असे बोलणे झाले. प्रक्षेपणाच्या आधीच एका वृत्तपत्राच्या स्तंभलेखकाने केंद्राची हेटाळणी केली, आणि त्यामुळे कार्यक्रमाचा अधिकच गाजावाजा झाला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याची गंभीरपणे दखल घेतली. तक्रारीही झाल्या, आणि त्या वॉशिंग्टनला दळणवळण आयोगापर्यंत पोचल्या.

नभोवाणी केंद्राला परवाना लागतो आणि तो ठरावीक मुदतीने नवा करून घ्यावा लागतो. पॅसिफिकाचे परवाने आयोगाने अडवून ठेवले. कारणे दोन होती. संस्थेत साम्यवादी आहेत काय हा एक संशय; १९६३ च्या जानेवारीत सिनेटच्या उपसमितीनेही त्याची चौकशी केली. दुसरे कारण पाच कार्यक्रमांविषयीच्या तक्रारींचे. हे पाच कार्यक्रम कोणते ते पाहण्याजोगे आहे. फेर्लिंगेट्टी आणि रॉबर्ट क्रीली या दोन कवींची काव्यवाचने, एडवर्ड ऑल्बी यांचे 'द झू स्टोरी' हे नाटक, एका कादंबरीकाराने केलेले स्वतःच्या कादंबरीचे वाचन, आणि ती आठ जणांची चर्चा. म्हणजे पाचांपैकी चार गोष्टी निखळ साहित्याच्या! कविता आणि कामजीवन यांचे प्रश्न त्या फाइलीत एकत्र बांधले गेले होते.

२२ जानेवारी १९६४ रोजी निर्णय लागला आणि परवाने नवे झाले. काव्यवाचनांतील काही भाग आपल्याच नियमांत बसत नव्हते, तपासणीत चूक झाली, असे संस्थेने कबूल केले होते; आयोगाने ते मान्य केले. मुख्य मुद्द्यावर मात्र आयोग स्पष्ट होता. एखाद्या कार्यक्रमाने काही श्रोते दुखावले म्हणून तो कार्यक्रम हवेतून हद्दपार करण्याचा अधिकार त्यांना मिळत नाही. तसे झाले तर कोणालाच न बोचणारे, सपक तेवढेच माईकपर्यंत पोचेल, असा त्याचा आशय होता.

त्याच निकालपत्रात आयोगाचे एक सदस्य रॉबर्ट ली यांचे वेगळे मत जोडलेले आहे. परवाने देण्यास त्यांचीही संमती होती. या विषयावर वैद्यांनी किंवा समाजशास्त्रज्ञांनी चर्चा केली असती तर ती त्यांना समजू शकली असती. पण आठ समलिंगी पुरुषांनी आपापले अनुभव सांगत बसावे, हे जबाबदार केंद्राचे काम नव्हे, असे त्यांना वाटले. वाचकहो, या साऱ्या प्रकरणाचा गाभा मला या मतात दिसतो. विषय काढू नका, असे ली म्हणत नव्हते. त्यांचा आक्षेप बोलणाऱ्यावर होता. स्वतःच्या आयुष्याविषयी बोलण्याचा अधिकार ज्याचे आयुष्य त्याला की त्याला तपासणाऱ्याला, असा हा प्रश्न आहे.

हा प्रश्न मराठीत त्याआधी तीस वर्षे उभा राहिला होता. र. धों. कर्व्यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ मध्ये निघाले आणि १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर थांबले. त्यात वाचक नाव न देता आपल्या कामजीवनातले प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरे देत. या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर १९३४ मध्ये खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. लोकांना प्रश्न पडतात आणि ते विचारतात, तर उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांचा रोख होता. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. पण त्या अंकांत निनावी मराठी माणसांची जी पत्रे उरली, ती आज आपल्याकडे या विषयावरची फार मोलाची साधने आहेत. निनावी का होईना, ती विचारणाऱ्याची आहेत.

पॅसिफिकाची लढाई १९६४ मध्ये संपली नाही. ३० ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी दोनच्या सुमारास डब्ल्यूबीएआयने जॉर्ज कार्लिन या विनोदी कलावंताचे निषिद्ध शब्दांविषयीचे भाषण लावले. मोटारीतून मुलासह जाणाऱ्या एका बापाने ते ऐकले आणि तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी पॅसिफिकाच्या विरुद्ध निकाल दिला. रेडिओ घरात न विचारता शिरतो आणि मुले तो ऐकतात, म्हणून अश्लील नसलेल्या पण असभ्य भाषेवरही वेळेचे बंधन घालता येते, असे ठरले. माझ्या मते या युक्तिवादात तथ्य आहे. पुस्तक कपाटात ठेवता येते, रेडिओचे बटण दाबल्यावर काय ऐकू येईल हे आधी कळत नाही. परंतु बंधन एकदा आले की त्याची कड कुठे संपते हे कोणाला सांगता येत नाही, आणि मग माणूस कडेपासून चार पावले मागेच उभा राहतो.

झालेही तसेच. १९८७ मध्ये आयोगाने असभ्यतेची व्याख्या रुंद केली. त्याच सुमारास केपीएफकेवर समलिंगी श्रोत्यांसाठीच्या साप्ताहिक कार्यक्रमात एड्सच्या छायेत लिहिलेल्या एका नाटकाचे भाग प्रक्षेपित झाल्याबद्दल आयोगाने केंद्राला दोषी ठरवले होते. १९८८ च्या जानेवारीत पॅसिफिकाच्या केंद्रांवर सेन्सॉरशिपवरची मालिका व्हायची होती आणि तिच्यात 'हाऊल' वाचली जाणार होती. दंडाच्या आणि परवान्याच्या भीतीने ती गाळली गेली. न्यायालयाने १९५७ मध्ये निर्दोष ठरवलेली कविता एकतीस वर्षांनी तिच्याच गावच्या रेडिओवर मुकी झाली. २००७ मध्ये त्या निकालाला पन्नास वर्षे झाली तेव्हाही न्यूयॉर्कच्या केंद्राने ती हवेतून न देता संकेतस्थळावर ठेवली. तोवर एका उल्लंघनाचा दंड सव्वातीन लाख डॉलरपर्यंत गेला होता.

म्हणून फितींचे महत्त्व. जे आज प्रक्षेपित करता येत नाही ते निदान जपता येते. पॅसिफिकाच्या फिती टिकल्या याचे एक कारण गरिबी हे आहे. ध्वनिफीत महाग असे, आणि जगभरच्या केंद्रांत जुनी फीत पुसून तिच्यावरच नवा कार्यक्रम घेण्याची चाल होती. पॅसिफिकाकडे मात्र नवे कार्यक्रम करायला पैसे कमी, म्हणून एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्या केंद्राकडे धाडला जाई; विद्यापीठांना आणि इतर केंद्रांना प्रती विकल्याही जात. त्यामुळे जुनी फीत हा टाकाऊ माल ठरला नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजलिसला संस्थेचे स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले. आज त्यात पन्नास हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे आहेत. १९६३ ते १९८२ या काळातील स्त्रियांच्या चळवळीविषयीच्या सुमारे दोन हजार फितींचे संगणकीकरण अलीकडे सरकारी अनुदानातून झाले. लग्न, गर्भपात, घरकाम, स्त्रीची स्वतःची इच्छा यांवर त्या काळच्या बायका आपसात कशा बोलत, हे त्यांत त्यांच्याच आवाजात आहे.

फीत नुसती ठेवून भागत नाही. जुन्या ॲसिटेटच्या फितीचे हळूहळू विघटन होते आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तशी फीत आक्रसते आणि ठिसूळ होते. नंतरच्या पॉलिएस्टर फितींचे दुखणे निराळे. त्यांच्यावरचा चिकट थर दमटपणा शोषतो आणि फीत यंत्राला चिकटते. अशी फीत मंद उष्णतेवर काही तास शेकवावी लागते. मग ती थोडा काळ वाजते, आणि त्या अवधीत नक्कल उतरवून घ्यावी लागते. पण यंत्राहून मोठा शत्रू म्हणजे कोरा डबा. ज्या डब्यावर कोण बोलले, कधी, कशाविषयी हे लिहिलेले नाही, तो असून नसल्यासारखा. 'हाऊल'चेच उदाहरण घ्या. मार्च १९५६ च्या बर्कलीच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण हेच सर्वांत जुने असे बरीच वर्षे समजले जाई. मग २००७ मध्ये ओरेगनमधील रीड कॉलेजच्या संग्रहात एक फीत सापडली. ती निघाली फेब्रुवारी १९५६ ची. पन्नास वर्षे ती तिथेच पडून होती.

आपल्याकडे रेडिओ दीर्घकाळ सरकारच्याच हाती राहिला. वर्गणीवर चालणारे केंद्र काढण्याची सोय नव्हती. तरीही इंदूर, बडोदे, हैदराबाद, पणजी, धारवाड ही केंद्रे आपल्या घरांत बोलत आली. समलिंगी संबंधांचा गुन्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवला. त्याआधीच्या पिढ्यांतली मराठी माणसे या गोष्टींविषयी, किंवा साध्या संसारातल्या अबोल्याविषयीही, स्वतः काय बोलत होती याची फीत कोणाकडे आहे?

ती कदाचित आपल्याचकडे असेल. आपल्या संस्थांच्या कपाटांत काव्यवाचनांच्या, मुलाखतींच्या, व्याख्यानांच्या कॅसेटी आहेत. घराच्या माळ्यावर आजीचा आवाज असलेली एखादी टेप आहे. तिच्यात ती ओव्या म्हणता म्हणता मध्येच थांबून नवऱ्याविषयी काहीतरी सांगून जाते, आणि ऐकणारा 'ते नको, पुढची ओवी म्हण' असे म्हणतो. इतिहासाच्या दृष्टीने ते 'काहीतरी' पुढच्या ओवीइतकेच मोलाचे आहे. तेव्हा पुसू नका. डब्यावर नाव, गाव आणि तारीख लिहा. बोलणारे हयात असेल तर त्याला विचारा की हे कोणी, केव्हा ऐकलेले चालेल. खासगी बोलणे जपायचे तर बोलणाऱ्याचा शब्द आधी पाळावा लागतो. एवढे केले तर पन्नास वर्षांनी आपल्याविषयी लिहू पाहणाऱ्याला वैद्याच्या नोंदीवर आणि फौजदाराच्या कागदावर अवलंबून राहावे लागणार नाही.